बँकॉक दोघांनी: पाच दिवस, नदी धरून

"बँकॉकला चाललोय," असं नवऱ्यानं ऑफिसात सांगितलं तेव्हा दोघातिघांना एकदम खोकला आला. "बायकोही येतेय," म्हटल्यावर एकानं विचारलं, "मग कशाला जातोस?" हा विनोद आपल्याकडे इतका मुरलाय की मुंबईहून चार-साडेचार तासांवरचं हे शहर पुष्कळ जोडपी टाळतात. नाही तर टूरवाल्याच्या बसमध्ये बसून दीड दिवसात उरकतात. पट्टायाहून सकाळी निघा, वाटेत जवाहिऱ्याचं दुकान, एक सोन्याचा बुद्ध, एक मॉल, झोपा.

आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा यादी घेऊन गेलो आणि रोज संध्याकाळी भांडलो. दुसऱ्यांदा नदी धरून फिरलो. बँकॉकचं रस्त्यावरचं ट्रॅफिक पुण्या-मुंबईच्या माणसालाही हात टेकायला लावतं, पण पाण्यावरून आणि रुळांवरून तेच शहर मोकळं आहे. चाओ फ्राया नदीच्या काठाला जुनं शहर, देवळं, फूलबाजार, चायनाटाउन असं सगळं ओळीनं लागलंय. टॅक्सीचा नाद सोडला की निम्मं काम झालं.

आधी दोन कागद

तिकिटं काढण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर तीन-तीन गोष्टी लिहायच्या, एकमेकांना न दाखवता. मी लिहिलं: फूलबाजार, मसाज, राजवाडा. नवऱ्यानं लिहिलं: बोट, बोट, आणि "दुपारी झोप". हसायला आलं, पण पहिल्या खेपेच्या भांडणांचं मूळ त्याच कागदावर होतं. मी त्याला भर दोन वाजता देवळाच्या फरशीवर अनवाणी चालवत होते. या सहा गोष्टींना पक्की जागा द्या, बाकीचं जमलं तर. पाच दिवस, चार रात्री पुरतात.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त, मार्च-एप्रिलमध्ये विदर्भाची आठवण येईल असा उकाडा, त्यात दमटपणा कोकणाचा. तरी १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान असतो, त्यांचं पारंपरिक नववर्ष. शब्द आपल्या संक्रांतीचाच. त्या दिवसांत रस्त्यात जो दिसेल त्याला लोक पाण्यानं भिजवतात, आवडत असेल तरच जा. मला विचाराल तर नोव्हेंबरमधली लॉय क्राथोंगची पौर्णिमा गाठा. ती बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते. केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक नदीत सोडतात. आपल्या दीपदानासारखंच, आणि त्या रात्री घाटावर जोडप्यांची गर्दी असते.

कागदपत्रं आणि पैसे

नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. १ मे २०२५ पासून मात्र डिजिटल आगमन पत्र भरावंच लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, प्रत्येकाचं वेगळं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ समोर आलं तर ते सरकारी नव्हे, बंद करा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.

एका बाथला अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरून चाला. तिथल्या एटीएममधून आपल्या कार्डावर पैसे काढले तर दर वेळी दोनशेच्या वर बाथ शुल्क जातं, तेव्हा हजार-हजार काढत बसू नका. थोडे बाथ इथूनच घ्या. बाकीचं चलन तिथे बदला, पण विमानतळाच्या वरच्या मजल्यावरच्या बँकांत नको. तळमजल्याच्याही खाली, रेल्वेच्या फाटकाजवळ चलन बदलणाऱ्यांच्या खिडक्या आहेत, तिथे दर बरा मिळतो. बोटी, ठेले आणि लहान दुकानं रोखीवर चालतात, म्हणून वीस-वीसच्या नोटा वेगळ्या ठेवा.

एक बारकी गोष्ट. आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही. मोबाइलचा दोन पिनांचा बसतो.

राहायचं कुठे

इथे घाई करू नका, सगळी सहल यावर ठरते. आपल्याकडचे टूरवाले बहुधा प्रातुनामला ठेवतात. भारतीय जेवण आणि घाऊक कपडे दाराशी, पण उंच रुळांवरच्या स्कायट्रेनचं स्थानक लांब आणि रस्ता सदा तुंबलेला. खाओ सान रस्ता पाठीवर पिशवी घेतलेल्या विशीतल्या पोरांसाठी ठीक, रात्री दोनपर्यंत गाणी वाजतात.

आमचं मत साफान ताक्सिन स्थानकाच्या आसपास. स्कायट्रेन, म्हणजे बीटीएस, आणि नदीवरचा साथोर्न धक्का तिथे एकमेकांना लागून आहेत. जिना उतरलात की बोट. ते महाग वाटलं तर असोक घ्या. तिथे बीटीएस आणि जमिनीखालची एमआरटी एकत्र येतात, आणि एमआरटीच्या निळ्या मार्गानं न बदलता थेट जुन्या शहरात सानाम चाय स्थानकाला पोचता येतं. हॉटेल निवडताना तारे बघू नका, स्थानकापासून किती पावलं ते बघा. उन्हातले आठशे मीटर म्हणजे दीड किलोमीटर असतात.

पहिला दिवस: उतरा आणि काही करू नका

थायलंड आपल्या दीड तास पुढे. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं तर पहाटे सुवर्णभूमीला उतरता, आणि पाटी वाचताना बरं वाटतं. विमानतळावरूनच रेल्वे सुटते. शेवटच्या फाया थाय स्थानकापर्यंत ४५ बाथ आणि अर्धा तास, तिथे लागूनच बीटीएस. सामान जड असेल तर अधिकृत टॅक्सीची रांग धरा. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, विमानतळाचे ५० वेगळे आणि वेगवान मार्गाचा टोल तुमचा. गाडीत बसल्यावर मीटर पडला की नाही एवढं पाहा.

गाडीत कान उघडे ठेवा. दर थांब्याआधी घोषणा होते, "सथानी तो पाय..." म्हणजे पुढचं स्थानक. "सथानी" ऐकून नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आम्हाला खेळच मिळाला. गाडीला ते 'रोत' म्हणतात, तो आपला रथ. जेवणाला 'आहान', म्हणजे आहार. शहराला तर बँकॉक म्हणतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात, त्यातला थेप म्हणजे देव. पूर्ण नाव म्हणजे एक लांबलचक पाठच आहे, त्यात इंद्र आणि विश्वकर्माही येतात.

दुपारी झोपा. चारनंतर लुंफिनी बागेत जा, लुंबिनीवरून नाव पडलेल्या. तळ्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आहेत, आणि काठावर चार-पाच फुटांच्या घोरपडी निवांत फिरत असतात. आपल्या घोरपडीची पाण्यातली चुलत बहीण म्हणा. त्या अंगावर येत नाहीत, तुम्हीही जाऊ नका. संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं आणि धावणारी माणसं आहे त्या पावलावर थांबतात. तुम्हीही थांबा. सकाळी आठला स्थानकांवरही हेच होतं. राजघराण्याबद्दल थट्टेत एक शब्दही नको, तिथला कायदा त्याबाबतीत फार कडक आहे.

दुसरा दिवस: राजवाडा आणि दोन वाट

हा दिवस नीट आखा. 'वाट' म्हणजे बौद्ध मंदिर. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, मध्ये फक्त नदी.

कपड्यांपासून सुरुवात. दोघांचेही खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचं, घट्ट लेगिंग यांवर राजवाड्याच्या दारातच अडवतात. आपला सुती कुर्ता आणि सैल सलवार सगळ्यांत बरी. चपला पटकन निघतील अशा घाला, दिवसभरात आठ वेळा काढाव्या लागतात.

राजवाडा साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद होतं. सव्वाआठला दारात असा. तिकीट ५०० बाथ, वाट फो ३००, वाट अरुण २००. म्हणजे दोघांचे नुसत्या तिकिटांचेच २,००० बाथ होतात, ते आधीच बाजूला काढून ठेवा.

आता फसवणुकीची गोष्ट, कारण ती आमच्यावरच गुदरली. पहिल्या खेपेला राजवाड्याच्या भिंतीशी इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका गृहस्थानं हसून सांगितलं, "आज सकाळी बंद आहे, पूजा चाललीय. तोवर वीस बाथमध्ये तीन मंदिरं बघून या." टुकटुक रिक्षा तयारच उभी. तिसऱ्या मंदिरानंतर आम्ही एका रत्नांच्या दुकानात सरबत पीत बसलो होतो आणि विक्रेता "फक्त आजचा भाव" म्हणत होता. काही घेतलं नाही, पण सकाळ गेली, आणि कोणी आधी "चला" म्हटलं यावर दुपारही गेली. तेव्हा राजवाडा बंद आहे असं तिकीटखिडकीखेरीज कोणीही सांगितलं तर चालत राहा. उत्तरसुद्धा देऊ नका.

आत १७८२ साली पहिल्या रामानं बांधायला घेतलेला पसारा आहे. होय, चक्री घराण्याच्या राजांना रामच म्हणतात, पहिला, दुसरा असे. पाचू-बुद्धाची मूर्ती पाहून पुष्कळांची निराशा होते, कारण ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच आणि फार वर बसवलेली. ती पाचूचीही नाही, हिरव्या दगडाची आहे. पण तिला ऋतूप्रमाणे तीन पोशाख आहेत, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा, आणि ते राजा स्वतः बदलतो. आपल्याकडे विठोबाला उटी लावतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

माझा वेळ मात्र भोवतीच्या ओवरीत गेला. तिथे भिंतीवर रामकियन रंगवलंय, त्यांचं रामायण, १७८ चित्रांत. गर्दी मूर्तीपाशी असते, ओवरी त्या मानानं रिकामी. आपल्या मारुतीला बघून धक्का बसेल: इथला हनुमान पांढराशुभ्र आणि चांगलाच रंगेल आहे. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या सुवर्णमत्स्येच्या तो प्रेमात पडतो, आणि ती निघते रावणाची मुलगी. सोबत लहानपणी रोज भीमरूपी म्हटलेला माणूस असेल तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

अकराच्या सुमारास बाहेर पडून वाट फोला या, दहा मिनिटं चालत. इथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. पूर्ण फोटो मिळतच नाही, प्रयत्न सोडा आणि पायाकडे जा. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला १०८ कांस्य वाट्या ओळीनं मांडल्यात. सुट्टी नाणी घेऊन प्रत्येकीत एक टाकत जायचं. तो टण-टण आवाज साऱ्या दालनात भरून राहिलेला असतो. वाट फो थाई मसाजचं जुनं शिक्षणस्थान आहे आणि आवारातच मसाज करून मिळतो. शहरात इतरत्र साध्या ठिकाणी तासाला तीनशे बाथच्या आसपास पडतात. अंगभर कपडे असतात, तेल नसतं, ताणणं असतं. दोघांना शेजारी-शेजारी गाद्या मिळतात. "हळू" ला "बाओ बाओ" म्हणायचं, हे दोन शब्द पाठच करा.

आणि आता परत फिरा. बारा ते चार हॉटेलात, नाही तर मॉलच्या गारव्यात. हा सल्ला आळशी वाटेल, पण सहल इथेच वाचते.

चारला था तियेन धक्क्यावरून पलीकडे जायची बोट घ्या, पाच बाथ. वाट अरुण म्हणजे सूर्याच्या सारथ्याचं, अरुणाचं देऊळ. लांबून ते दगडी वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की सारा मनोरा चिनी मातीच्या बशांच्या तुकड्यांनी मढवलाय. कुठे निळं फूल, कुठे बशीची अख्खी कड. बाहेर भाड्यानं थाई पोशाख मिळतो आणि जोडपी नटून फोटो काढतात. नवरा आधी "छे" म्हणाला, मग रेशमी धोतरासारखं नेसून माझ्यापेक्षा जास्त फोटो काढून घेतले. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा. सूर्य मावळताना परत अलीकडे या. देवळामागचं आकाश या काठावरूनच दिसतं.

बोटीचं गणित

नारंगी झेंड्याची बोट स्थानिकांची, कुठेही उतरा, १६ बाथ. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, दिवसाचा पास १५० बाथ. धक्क्यावर माणसं पास विकायला पुढे येतील. दिवसातून दोन-तीनदाच बसणार असाल तर नारंगीच बरी. धक्क्यांना क्रमांक आहेत: साथोर्न मध्यवर्ती, पाच नंबर रात्चावोंग म्हणजे चायनाटाउन, आठ था तियेन. बोट धक्क्याला टेकते ती काही सेकंद, शिट्टी वाजली की उतरायचं, एकमेकांना "थांब, मोबाइल" म्हणायला वेळ नसतो. अंधार पडला की नारंगी बोटी आटोपतात, परतीला एमआरटी धरा.

तिसरा आणि चौथा दिवस

तिसऱ्या दिवशी दोघांनी सकाळी दोन-तीन तास वेगळं फिरावं, असं माझं ठाम मत आहे. मी पाक ख्लोंगच्या फूलबाजारात गेले, तो क्लोंग साएन साएप कालव्यातल्या बोटीनं शहर आरपार करून आला. फूलबाजार म्हणजे दादरचाच, फक्त माणसं ओरडत नाहीत. झेंडूचे ढीग आणि मोगऱ्याच्या कळ्यांचे बांगडीएवढे गोल हार, खाली गुलाबाचा लोंबता गोंडा. वीस बाथला एक घेतला, संध्याकाळपर्यंत मनगटाला वास होता.

संध्याकाळी यावारात, म्हणजे चायनाटाउन, एमआरटीचं वाट मांगकोन स्थानक. त्याआधी वाट त्रायमितचा साडेपाच टन सोन्याचा बुद्ध बघा. कित्येक पिढ्या तो गिलाव्याखाली होता. १९५५ साली हलवताना पडला, गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं.

शाकाहाऱ्यांनो, लक्ष द्या. इथल्या भाजीतही माशाचा रस असतो, त्याला 'नाम प्ला' म्हणतात. पपईच्या सोम तामात सुकी कोलंबी, परतलेल्या पालेभाजीत कालवाचं सॉस. 'मांगसविरात' हा शब्द सांगा, तो मांसविरतीच आहे. त्याहून पक्का शब्द 'चे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. 'चे' जेवणात मांस, मासे, अंडं, दूध नाहीच, वर कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव येतो, तेव्हा यावारातभर पिवळे झेंडे लागतात. एरवी 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचा रस नको, हे फोनवर थाई लिपीत लिहून ठेवा आणि दाखवा. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र बिनघोर खा. हापूसची बढाई तेवढा वेळ गिळून.

चौथा दिवस शनिवार-रविवार असेल तर सकाळी चातुचाक बाजार, बीटीएसचं मो चित स्थानक. हजारो गाळे आहेत, चुकामूक ठरलेलीच. मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं, हे आत शिरण्याआधी ठरवा. आठवड्याचा इतर वार असेल तर रेल्वेनं अयुथ्येला जा, सुमारे ८० किलोमीटर. १३५० ते १७६७ ही सयामची राजधानी होती, नाव आपल्या अयोध्येवरून. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढताना खाली बसा, आपलं डोकं त्याच्याहून वर जाऊ देऊ नका.

संध्याकाळी चित लोम स्थानकाजवळ एरावान. ऐरावताच्या नावाची जागा, पण आत चतुर्मुख ब्रह्मा, १९५६ साली बसवलेला. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, इथे झेंडूच्या हारांत देव दिसेनासा होतो. तिथून पाच मिनिटांवर, मोठ्या मॉलसमोर त्रिमूर्ती आहे. ती प्रेमाची देवता मानली जाते. गुरुवारी रात्री साडेनऊला तरुण मुलंमुली लाल गुलाब घेऊन येतात. लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्यांनी काय मागावं, कळेना. आम्ही दोघांनीही गुलाब वाहिले आणि काय मागितलं ते सांगितलं नाही.

पाचवा दिवस

विमानाच्या तीन तास आधी पोचा. गांजाची दुकानं वाटेत दिसली असतील, तर त्यांतलं काहीही बॅगेत नको, मिठाई म्हणूनसुद्धा नको. आपल्याकडे उतरल्यावर तो सरळ गुन्हा आहे.

पासपोर्टवर शिक्का बसल्यावर आत समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प लागतं. एका टोकाला देव, दुसऱ्याला असुर, मध्ये वासुकी, वर विष्णू. मी देवांकडे, वासुकीच्या शेपटीशी उभी राहिले, नवरा असुरांकडे. मग लक्षात आलं की फोटो काढायला कोणीच उरलं नाही.